‘चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’: ख्रिस्ती विचारातली कबुली आणि भरपाई

जुन्या किराणा बिलाच्या तळाशी एक ओळ हमखास असायची: चू.भू.द्या.घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. हिशेबात काही राहिलं असेल, काही जास्त लागलं असेल, तर बोलून मिटवू, असं दुकानदार आधीच सांगून ठेवायचा. ओळ शहाणी आहे, पण ती नकळत घडलेल्या चुकीसाठी आहे. जे आपण जाणूनबुजून केलं, त्याला ती पुरत नाही.

मराठीत चुकीबद्दल बोलायच्या दोन तऱ्हा आहेत. ‘चूक झाली’, ‘माझ्याकडून जरा चुकलं’, ‘काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमस्व’ ही एक तऱ्हा. यात चूक वळवाच्या पावसासारखी आपोआप पडते, आपण फक्त तिच्याखाली सापडलेलो असतो. दुसरी तऱ्हा म्हणजे ‘मी चूक केली’. ख्रिस्ती धर्माला ही दुसरी तऱ्हा अपेक्षित आहे, आणि मराठी ख्रिस्ती भाषेत त्यासाठी फार नेमका शब्द आहे: पापांगीकार. अंगीकार म्हणजे आपल्या अंगावर घेणं. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) ‘पापे पदरी घेणे’ या अर्थाने जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ ‘तेच म्हणणे’ असा आहे. जे घडलं त्याला देव जे म्हणतो, तेच आपणही म्हणायचं. चोरीला ‘उसनवारी’ म्हणायचं नाही, खोट्याला ‘गैरसमज’ म्हणायचं नाही.

पश्चात्तापासाठी हिब्रू बायबलमधला मुख्य शब्द ‘शूव’ आहे. त्याचा अर्थ परत फिरणे. आपल्याकडे ‘परत फिरणे’ आणि ‘परत करणे’ ही दोन्ही एकाच ‘परत’ची रूपं आहेत. या लेखाचा सगळा गाभा या जोडीत आहे: जो परत फिरला, त्याच्या हातात दुसऱ्याचं काही उरलेलं असेल, तर ते परत करणं हाही त्याच फिरण्याचा भाग आहे. अनेक भाविक माणसं पहिला अर्धा भाग मनापासून करतात. देवापुढे रडतात, उपवास करतात, आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्या दाराशी मात्र कधीच जात नाहीत. बायबल वाचताना ही पळवाट कुठेच सापडत नाही.

दोन राजांची कबुली

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात इस्राएलचा शौल राजा लढाई जिंकून येतो. लूट ठेवायची नाही असा हुकूम असताना त्याने उत्तम मेंढरं आणि गुरं राखून ठेवलेली असतात. शमुवेल संदेष्ट्याला तो सांगतो की मी आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर येतंय ते मेंढरांचं ओरडणं कसलं? शौलाची पहिली सबब: लोकांनी राखून ठेवली, तीही देवाला अर्पण करायला. दुसरी: मला लोकांची भीती वाटली. शेवटी तो ‘मी पाप केलं’ म्हणतो खरा, पण त्याच दमात म्हणतो की आता वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. त्याच्या कबुलीला पुढच्या क्षणी शेपूट फुटतं, आणि ते शेपूट प्रतिष्ठेचं असतं.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात शौलानंतरच्या दावीद राजापुढे नाथान संदेष्टा उभा राहतो. दावीदाने आपल्या उरीया या सैनिकाच्या बायकोला, बथशेबाला, आपल्याकडे आणलं आहे आणि उरीयाला लढाईत मुद्दाम पुढे घालून मारवलं आहे. नाथान त्याला एका श्रीमंताची गोष्ट सांगतो, ज्याने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापून म्हणतो, त्या माणसाने चौपट भरून दिलं पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीदाचं उत्तर मूळ हिब्रूत दोनच शब्दांचं आहे: परमेश्वराविरुद्ध मी पाप केलं. त्याला सबब जोडलेली नाही, कुणावर ढकललेलं नाही, मानाची मागणी नाही.

इथे एक इशारा. दावीदाच्या नावावर असलेल्या ५१ व्या स्तोत्रात ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध मी पाप केलं’ अशी ओळ आहे. ती ओळ पुढे करून ‘माझं आणि देवाचं काय ते आम्ही बघू’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ते स्तोत्र अशा माणसाच्या तोंडी आहे, ज्याने फसवलेला माणूस मेलेला आहे. उरीयाला परत काही देताच येत नव्हतं. तुम्ही फसवलेला माणूस जिवंत असेल, तर ती ओळ तुम्हाला सुटका देत नाही.

एक पंचमांश

आता हिशेबाकडे. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्या सात ओवींत भरपाईचा नियम आहे. कुणी ठेव नाकारली, गहाणाच्या बाबतीत फसवलं, लुबाडलं, शेजाऱ्याला नाडलं, सापडलेली वस्तू सापडलीच नाही म्हणून खोटी शपथ घेतली, तर त्याने मूळ ऐवज पूर्ण परत करायचा आणि वर एक पंचमांश, म्हणजे २० टक्के, द्यायचे. कुणाला? देवळाला नाही, ज्याचं होतं त्याला. आणि कधी? ज्या दिवशी दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचा, मेंढा घेऊन जाईल त्याच दिवशी. मजकुरातला क्रम आधी भरपाई आणि मग मेंढा असा आहे.

या नियमाच्या शेजारी ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातले दर ठेवून पाहा. चोर पकडला गेला आणि जनावर त्याच्याकडे जिवंत सापडलं तर दुप्पट. कापलं किंवा विकलं असेल तर मेंढराला चौपट, बैलाला पाचपट. आपण होऊन कबूल करणाऱ्याला सव्वापटीहूनही कमी, पकडला गेलेल्याला दुपटीपासून पाचपटीपर्यंत. म्हणजे कायदाच माणसाला सांगतो: लवकर ये, आपल्या पायाने ये. हीच समजूत आजच्या आयकर कायद्यातही दिसते. २०२२ पासून दडवलेलं उत्पन्न आपण होऊन दाखवायला अपडेटेड रिटर्नची सोय झाली. मुदतीच्या पहिल्या टप्प्यात थकीत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, उशीर वाढत गेला की ५०, ६० आणि शेवटी ७० टक्के. मात्र एकदा धाड पडली की ही वाट बंद होते.

आज ख्रिस्ती माणसावर २० टक्क्यांचं बंधन आहे का? चर्च असा दर लावत नाही. पण त्यामागचं कारण आजही खरं आहे. ज्याचे पैसे अडकले, त्याला ते त्या काळात वापरता आले नाहीत. कदाचित त्याने दुसरीकडून व्याजाने काढले. रात्री झोप लागली नाही. मूळ रक्कम परत करून हे नुकसान भरत नाही. आमच्या मते जिथे ऐपत आहे तिथे पंचमांश हा चांगला मापदंड आहे, कारण तो इतका मोठा नाही की माणूस घाबरून जाईल, आणि इतका छोटाही नाही की जाणवणार नाही.

जक्कयाचं गणित

लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातला जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार. बुटका, श्रीमंत, लोकांना नकोसा. मराठी बायबलमध्ये तो उंबराच्या झाडावर चढतो. तिकडचं झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं. रोमी राज्यात जकात गोळा करणारे ठरलेल्यापेक्षा जास्त उकळत आणि वरचं खिशात घालत. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय उभा राहून सांगतो: माझ्या मालमत्तेतलं अर्धं गरिबांना देतो, आणि कुणाकडून अन्यायाने घेतलं असेल ते चौपट परत करतो.

हे वाक्य आकड्यांत मांडून पाहिलं पाहिजे. त्याची मालमत्ता १०० धरा. ५० गरिबांना गेले. उरलेल्या ५० मधून चौपट द्यायचं, तर त्याने लोकांचे जास्तीत जास्त साडेबारा खाल्लेले असू शकतात. त्याहून अधिक असतील तर तो कफल्लक होतो. आणि दर पाहा: आपण होऊन कबूल करणाऱ्याला एक पंचमांश पुरला असता. जक्कयाने स्वतःला मेंढी कापून खाणाऱ्या चोराचा दर लावला, जो दर दावीदाने रागाच्या भरात दुसऱ्यासाठी उच्चारला होता. काही अभ्यासक म्हणतात की मूळ ग्रीक क्रियापदं वर्तमानकाळी आहेत, तेव्हा तो आधीपासूनच असं देत असावा. पण आज या घराला तारण झालं आहे, हे येशूचं उत्तर लगेच त्यानंतर येतं, आणि त्यावरून हा नवा निर्धार आहे असंच बहुतेकांनी वाचलं आहे.

अर्धं गरिबांना आणि चौपट फसवलेल्यांना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्याने ओळखलं. दान आणि भरपाई एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कुणाचे पैसे खाऊन ते गुपचूप चर्चच्या दानपेटीत टाकणाऱ्याने भरपाई केलेली नाही. त्याने दुसऱ्याच्या पैशाने पुण्य केलं आहे. ज्याचे गेले त्याचे गेलेलेच आहेत.

कोणी आधी जायचं

मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:२३-२४) येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलं असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, शंभराहून अधिक किलोमीटरवर. अंतराचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर पुण्याहून अहिल्यानगरला चालत जायचं, तिथून उलट पावली घरी यायचं आणि पुन्हा निघायचं. ऐकणाऱ्यांना हे किती गैरसोयीचं आहे ते नीट कळलं असणार. मत्तय १८:१५ मध्ये मात्र उलट आहे: ज्याच्यावर अन्याय झाला त्याने जाऊन एकांतात सांगावं. दोन्ही वचनं एकत्र धरली तर ‘त्याने आधी यावं’ म्हणून घरी बसायला कुणालाच जागा राहत नाही.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा, एका मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, महिला मंडळाच्या खजिनदार बाईंनी एप्रिलमध्ये मुलाच्या फीसाठी मंडळाचे ८,००० रुपये वापरले. पगार झाला की ठेवू म्हणाल्या, ठेवता आले नाहीत. वहीत त्यांनी सहलीच्या बसचं भाडं ८,००० ने वाढवून लिहिलं. मे महिन्यात अध्यक्षताईंनी विचारलं तेव्हा ‘डिझेल महागलंय’ असं सांगितलं. आता ऑगस्ट आहे आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, वेळी त्यांचा हात कापतो.

पहिलं काम कागद घेऊन बसणं. एकटीने, दार लावून. किती, केव्हा, कुणाचं, आणि कोणकोणतं खोटं. इथे चूक एक नाही, तीन आहेत: घेतलेले पैसे, खोटी नोंद आणि तोंडी खोटं. फक्त पैसे भरून टाकले तर दोन चुका तशाच राहतात. उलट वहीत ८,००० जास्त निघतील आणि मग ते लपवायला चौथं खोटं लागेल.

दुसरं, जाण्याआधी एका माणसाला सांगणं. पाळक, पाळकीणबाई, किंवा तोंडाची घट्ट अशी एखादी वडीलधारी बाई. याकोबाच्या पत्रात (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करा असं म्हटलं आहे, त्याचा हा रोजचा उपयोग. ती व्यक्ती दोन कामं करते: तुम्ही मागे फिरणार नाही हे बघते, आणि तुमच्या वाक्यांतल्या सबबी काढून टाकते.

तिसरं, प्रत्यक्ष जाणं. व्हॉट्सअॅपवर नाही, कुणाच्या हाती निरोप देऊन नाही. सणाच्या दिवशी, मयतीच्या घरी, रविवारी उपासना सुटल्यावरच्या गर्दीत नाही. आणि बोलणं साधारण असं: “ताई, एप्रिलमध्ये मंडळाचे आठ हजार रुपये मी माझ्या घरी वापरले. वहीत बसभाडं वाढवून लिहिलं ते मीच, ते खोटं आहे. तुम्ही मे महिन्यात विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले. हे नऊ हजार सहाशे. मला क्षमा करा. खजिनदार म्हणून मी राहायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.”

यात काय नाही ते बघा. मुलाची फी नाही. ती खरी आहे, पण ती ताईंनी विचारली तर सांगायची. पहिल्या दमात सांगितली की समोरच्या बाईवर ‘बिचारी’ म्हणायची सक्ती होते, आणि कबुली तक्रारीत बदलते. ‘पण’ हा शब्द नाही. ‘दिलगिरी’ नाही, दिलगिरी व्यक्त केली जाते, क्षमा मागितली जाते, आणि मागण्यात समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक असते. एवढं बोलून झालं की गप्प बसायचं. ही शांतता सगळ्यांत अवघड जाते. ती भरून काढायला माणूस पुन्हा बोलू लागतो आणि नेमक्या तेव्हाच सबबी बाहेर पडतात.

चौथं, वही. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद, खजिनदार आणि अध्यक्ष दोघींच्या सह्या, आणि जमा रकमेची पावती: ८,००० मूळ, १,६०० वर. पंचमांश मंडळालाच जातो, कारण नुकसान मंडळाचं झालं.

पैसे हातात नसतील तर? तर हप्त्यांचा कागद करायचा, महिन्याला इतके, अमुक तारखेपर्यंत. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने फिलेमोनाच्याच अनेसिम या गुलामाबद्दल लिहिलं आहे की तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. दुसऱ्याने जामीन राहणं, फेडायला मदत करणं याला ख्रिस्ती परंपरेत असा जुना आधार आहे. पण अनेसिमाला ते पत्र घेऊन स्वतः परत जावं लागलं, हे विसरायचं नाही.

पैशापलीकडचं नुकसान

वस्तू परत करणं सोपं, नाव परत करणं कठीण. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितांनी याची बारीक फोड केली. खोटं बोलून कुणाची बदनामी केली असेल, तर ‘मी खोटं बोललो’ असं सांगूनच ती भरून निघते. गोष्ट खरी होती पण सांगायचा आपल्याला अधिकार नव्हता, अशा वेळी ती खोटी होती असं म्हणता येत नाही, कारण ते नवं खोटं होईल. तेव्हा ‘मी हे बोलायला नको होतं, मी अन्याय केला’ असं म्हणायचं आणि दुसऱ्या मार्गाने जमेल तेवढं भरून काढायचं. आजच्या भाषेत याचा साधा नियम असा: जिथे बोललात तिथेच परत घ्या. चाळीस जणांच्या ग्रुपवर आरोप करून माफी खासगीत मागणं म्हणजे चाळीस ठिकाणी आग लावून एका ठिकाणी पाणी टाकणं. उलटही खरं आहे. दोघांतली गोष्ट चर्चमध्ये माइकवर सांगू नये. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या जागृतीत मुलींनी मोठ्याने पापांची कबुली दिली, आणि १९०७ मध्ये कोरियातल्या प्योंगयांगमध्ये किल सन-जू या चर्चच्या पुढाऱ्यांनी मंडळीसमोर सांगितलं की मृत मित्राच्या मालमत्तेतले पैसे मी खाल्ले, ते त्याच्या विधवेला परत करीन. अशा जाहीर कबुलीत ताकद आहे. पण तिच्यात दुसऱ्या कुणाचं नाव ओढलं जात असेल, तर ती कबुली राहत नाही, चहाडी होते.

माणूस सापडत नसेल तर? अक्वायनस यांचा क्रम व्यवहारी आहे: आधी कसून शोध घ्या, मेला असेल तर वारसांना द्या, दूर असेल तर पाठवा, काहीच पत्ता लागत नसेल तरच त्याच्या नावे दान करा. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातही वारस नसेल तेव्हाच ती रक्कम याजकाकडे जाते. ‘कसून शोध’ हे शब्द महत्त्वाचे. बरेचदा दानाकडे धाव घेण्याचं खरं कारण एवढंच असतं की भेटायची लाज वाटते.

आणि कबुलीनेच घाव होत असेल तर? दारूमुक्तीसाठीच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या. त्यांची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत. नववी पायरी म्हणते, प्रत्यक्ष भरपाई करा, मात्र त्याने त्या व्यक्तीला किंवा इतरांना इजा होणार असेल तिथे नाही. शेजारणीबद्दल वीस वर्षांपूर्वी मनात आलेला वाईट विचार तिला जाऊन सांगण्यात तिचं भलं काही नाही, फक्त तुमचं ओझं तिच्या डोक्यावर जातं. ते देवापुढे किंवा धर्मगुरूपुढे ठेवा. पण ही सवलत आपली आपण घेऊ नये. ‘तिला त्रास होईल’ आणि ‘मला त्रास होईल’ यांतला फरक स्वतःला दिसत नाही. तिसऱ्या माणसाला दिसतो.

गुन्ह्याची बाब वेगळी. मारहाण, लैंगिक अत्याचार, मोठी फसवणूक यांत समेटाची बैठक म्हणजे न्याय नव्हे. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असं २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो. ‘मंडळीतलं मंडळीत मिटवू’ म्हणणाऱ्याने क्षमेच्या नावाखाली दुसरा गुन्हा केलेला असतो. आणि पीडिताला अत्याचाऱ्यासमोर बसवून ‘क्षमा कर’ म्हणू नये. कधीच नाही.

कबुलीच्या खोलीत काय होतं

कॅथलिक परंपरेत याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, कोकणीत कुमसार. त्याचे चार भाग: अनुताप, धर्मगुरूपाशी तोंडी कबुली, त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त आणि पापक्षमा. वर्षातून निदान एकदा कबुली द्यावी हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे बिशपांच्या रोममधल्या सभेने, केला, आणि गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात ठेवण्याची शिक्षाही तिनेच सांगितली. बऱ्याच जणांची समजूत असते की पापक्षमा मिळाली, तीन ‘नमो मरिया’ म्हटल्या, हिशेब संपला. कॅथलिक चर्चची धर्मशिक्षा तसं म्हणत नाही. पापक्षमेने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली त्याचं नाव परत उभं करायचं, इजेची भरपाई द्यायची, असं ती स्पष्ट सांगते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टिन यांनी त्याहून कडक शब्दांत म्हटलं होतं की परत करणं शक्य असून न करणाऱ्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे. नाव उघड करणं धोक्याचं असेल, तर धर्मगुरूमार्फत पैसे निनावी पोहोचवता येतात. ही सोय जुनी आहे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सगळे मिळून पापांगीकार म्हणतात. पूर्वीच्या अँग्लिकन मंडळ्या १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. त्यांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाआधीचा बोध आहे, की ज्यांचं नुकसान केलं त्यांना आपल्या ऐपतीच्या शेवटच्या टोकापर्यंत भरून द्यायला तयार असा, आणि मन शांत होत नसेल तर पाळकाकडे या. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हटलेल्या ओळींचा धोका असा की त्यात आपले आठ हजार कुठेच येत नाहीत.

आता उलट टोक. काही जणांना कितीही कबुली दिली तरी पुरत नाही. तेच पाप पुन्हा सांगतात, नीट सांगितलं का या शंकेने पुन्हा. पुढे जेझुइट संघ स्थापणारे इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे हाच त्रास झाला, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत. तेव्हा एका धर्मगुरूने त्यांना सांगितलं होतं की मागची पापं अगदी स्पष्ट असल्याखेरीज आता कबूल करू नका. अशा माणसाला अधिक प्रायश्चित्त नको, एकाच मार्गदर्शकाचं ऐकणं हवं, आणि बरेचदा डॉक्टरही. येशूला पैशासाठी पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, यानेही मिळालेली चांदीची तीस नाणी परत केली होती. याजकांनी ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणून त्याला एकटं सोडलं आणि तो एकटाच मरणाकडे गेला. येशूला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांच्या सोबत राहिला. अपराधाने जगणं नकोसं झालं असेल, तर आजच कुणापाशी तरी बसा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते.

क्षमा मिळाली नाही तर

१९८६ मध्ये कॅनडातल्या सडबरी गावी युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने तिथल्या मूळ रहिवाशांची क्षमा मागितली: आम्ही तुमची श्रद्धा आणि संस्कृती पुसायला निघालो होतो. रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांनी ते ऐकून घेतलं, त्याची नोंद घेतली, पण ‘मान्य’ म्हटलं नाही. तिथे दगडांची एक रास उभारली, ती मुद्दाम अपुरी ठेवली. पुढे काय करता ते बघू, असा त्याचा अर्थ. आमच्या मते ही कुठल्याही मंडळीने शिकावी अशी गोष्ट आहे, आणि आपल्या देशातही तिचं काम आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात मान्य केलं होतं. वेगळ्या दफनभूमी, वेगळे बाक, लग्नाच्या वेळी विचारली जाणारी जात, हे सगळं कागदावरच्या कबुलीने हटत नाही. त्यात कुणाकडून काय घेतलं गेलं आणि ते कसं परत करायचं, हा पंचमांशाचा हिशेब अजून मांडायचाच आहे.

व्यक्तीच्या बाबतीतही असंच. क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या वस्तू आहेत. क्षमा एका क्षणी देता येते, विश्वास महिन्यामहिन्याने परत येतो, कधी येतही नाही. त्या खजिनदार बाईंना ताईंनी मिठी मारली आणि तरीही मंडळाने पद काढून घेतलं, तर त्यात क्षमेचा अपमान नाही. ‘माफ केलंत ना, मग पुन्हा विश्वास ठेवा’ असं त्यांनी म्हणू नये. सप्टेंबरच्या बैठकीला त्यांनी यावं, वही, पावती-पुस्तक, बँकेचं पासबुक आणि कपाटाची किल्ली नव्या खजिनदारीणबाईंच्या हाती द्यावी, शिल्लक तिच्यासमोर मोजून द्यावी, सही घ्यावी, आणि मग नेहमीच्या जागी सतरंजीवर जाऊन बसावं.